अहवालात आमचे नाव कोणत्या पानावर आहे?

(नागपुरातील एका विहारात पौर्णिमेच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा हा लेखी पाठ होय. सभेस येऊ न शकलेल्या वाचकांसाठी तो पुन्हा लिहून काढला आहे.)



जागतिक बँकेचे कर्ज, धरणे, रेल्वे आणि सरकारची पर्यावरण-तपासणी असला विषय विहारातील व्याख्यानास घेतल्याबद्दल काही मंडळींनी माझ्याजवळ आधीच नापसंती बोलून दाखविली. धम्मावर बोला, धर्मांतरावर बोला, हक्कांवर बोला, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना इतकेच सांगितले की मी हक्कांवरच बोलणार आहे, आणि शेवटी धर्मांतराकडेही येणार आहे. मात्र तेथे पोहोचण्याचा रस्ता थोडा बँकेच्या दारावरून जातो. ज्या महापुरुषाने १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्याच्या अनुयायांनी बँकेच्या नावाने बिचकण्याचे कारण नाही.

आरंभ एका लहानशा प्रसंगाने करतो. काही वर्षांपूर्वी पूर्व विदर्भातील एका तालुक्याच्या गावी एका प्रकल्पाची जनसुनावणी होती. मांडव घातला होता, पुढे खुर्च्या होत्या, टेबलावर दोन-अडीचशे पानांचा अहवाल ठेवला होता. पुढच्या खुर्च्यांवर कोण बसले होते हे आपणांस सांगावयास नको. मोबदल्याच्या दरावर बराच वेळ वादविवाद झाला. अखेरीस मागून एक वृद्ध मजूर बाई उठली आणि तिने विचारले, “साहेब, या बुकात माहं नाव कोन्त्या पानावर हाय?” अधिकारी सज्जन होते. त्यांनी पाने चाळली आणि खातेदारांची यादी परिशिष्टात आहे असे सांगून तिला विचारले की तुमचा सातबारा आहे काय? बाई म्हणाली, “सातबारा असता त मी अथी मांगं कायले बसली असती?” लोक हसले. सुनावणीचे इतिवृत्त त्याच दिवशी वाचून दाखविण्यात आले. त्यात हा प्रश्न नव्हता.

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आज आपणांस शोधावयाचे आहे.

मोठा प्रकल्प उभारावयाचा तर सरकारला पैसा लागतो आणि तो पुष्कळदा बाहेरून कर्जाऊ घ्यावा लागतो. १९४४ साली ब्रेटन वुड्स येथील परिषदेतून जागतिक बँक जन्मास आली, १९६६ साली आशियाई विकास बँक आली. जर्मनी, फ्रान्स, जपान ह्या देशांच्याही अशा स्वतःच्या संस्था आहेत. हे पैसे दान नव्हेत. ते व्याजासह परत करावयाचे असतात आणि ते परत करणाऱ्या तिजोरीत त्या मजूर बाईने काड्यापेटीवर भरलेला करही असतो. अर्थात कर्ज काढताना तिला विचारले पाहिजे हे उघड आहे. परंतु विचारण्याची ही रीत जगात फार उशिरा आली, आणि आपल्याकडे तर त्याहूनही उशिरा आली.

येथे आपल्या घरच्या इतिहासापासून आरंभ केला पाहिजे. १९४२ ते १९४६ ह्या काळात परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीस मोठा पूर आला. त्यातून दामोदर खोऱ्याची योजना निघाली, आणि ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यास भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी तिची रूपरेषा मांडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना त्यांनी विचाराची दिशाच पालटली. पूर येतो म्हणून पाण्याला शत्रू मानून समुद्रात लोटून देऊ नये. पाणी ही संपत्ती आहे, ती साठवून शेती, वीज आणि जलमार्ग ह्यांकरिता वापरली पाहिजे, असा त्यांचा रोख होता. तेव्हा जो कोणी आपणांस सांगतो की खरा आंबेडकरवादी धरणाचा शत्रू असतो, त्याने हा इतिहास वाचावा. गावच्या जुन्या जीवनाचे गोडवे गाऊन वीज व कालवे नाकारणारे तत्त्वज्ञान आपले नव्हे. ज्या गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवले, ते गाव जसेच्या तसे राहावे म्हणून आपण का रडावे?

परंतु पुढे काय झाले तेही वाचावे. १९४६ साली बाबासाहेबांनी ते पद सोडले. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला, आणि एप्रिल १९५० मध्ये जागतिक बँकेने त्या योजनेस १ कोटी ८५ लक्ष डॉलरचे कर्ज दिले. रेल्वे आणि शेतीची यंत्रे ह्यांच्या पाठोपाठ भारतास मिळालेले ते बँकेचे तिसरे कर्ज. त्या कर्जाच्या वेळी आजच्या अर्थाने पर्यावरणाची तपासणी झाली नाही; तशी तपासणी असते हेच तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. दामोदरच्या धरणांनी जी हजारो माणसे उठविली त्यांत संथाळ व इतर आदिवासी मोठ्या संख्येने होते. योजना पाण्याचा हिशेब मांडून निघाली, आणि अंमल करणाऱ्यांच्या हातून माणसांचा हिशेब राहून गेला. बाबासाहेबांच्या विचारातील हा दोष नव्हे. विचार एकाचा आणि अंमल दुसऱ्याचा झाला म्हणजे काय होते, हे संविधानाच्या बाबतीतही आपण पाहत आलोच आहो.

आता महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, नर्मदेवर जाऊ. सरदार सरोवराचे धरण गुजरातेत, परंतु त्याच्या पाण्याखाली महाराष्ट्राची ३३ गावे आली. ती तेव्हा धुळे जिल्ह्यात होती, आता नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत आहेत. सगळी आदिवासी वस्ती. मणिबेली हे त्यांतील पहिले गाव. १९८५ साली जागतिक बँकेने ह्या प्रकल्पास ४५ कोटी डॉलर देण्याचा करार केला. आपल्या केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याची संमती केव्हा मिळाली? दोन वर्षांनी, जून १९८७ मध्ये. आणि तीही अशी की आवश्यक अभ्यास बांधकामाबरोबरच पुरे करावेत. वाचकहो, हे नीट लक्षात घ्या. तपासणी आधी आणि काम नंतर हा साधा न्याय आहे. आजाऱ्यावर शस्त्रक्रिया चालू ठेवून त्याच वेळी नाडी पाहण्यास वैद्य धाडावा, तशी ही संमती होती.

आपल्या सरकारने जे केले नाही ते करावयास परक्या देशाचा कायदा उपयोगी पडला, ही गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो, पण ती खरी आहे. ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे ह्या धरणाची सुनावणी झाली आणि तेथे मेधा पाटकर ह्यांनी साक्ष दिली. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला की पर्यावरणावर मोठा परिणाम करणाऱ्या प्रकल्पाचा परीक्षण-अहवाल मतदानापूर्वी किमान १२० दिवस बँकेच्या संचालकांपुढे व जनतेपुढे आला नसेल, तर अमेरिकेच्या प्रतिनिधीने त्या कर्जाच्या बाजूने मत देऊ नये. नॅन्सी पेलोसी ह्यांच्या नावाने ही दुरुस्ती ओळखली जाते. पैसा देणाऱ्या देशाचे सरकार, आपल्या नागरिकांचा कर कोठे जातो हे पाहण्यासाठी, दुसऱ्या देशातील प्रकल्पाचा अहवाल तपासू लागले. अमेरिकेला नंदुरबारच्या भिल्ल-पावऱ्यांचा कळवळा होता अशा भ्रमात राहू नका. तेथील करदात्याला जाब विचारण्याचा हक्क होता, एवढेच. त्याचा हक्क पोहोचला आणि त्याच्या मागून मणिबेलीचा आवाज पोहोचला.

१९९१ साली बँकेला स्वतंत्र समीक्षा मंडळ नेमावे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स हे त्याचे अध्यक्ष, आणि कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर हे उपाध्यक्ष होते. ती मंडळी खोऱ्यात हिंडली, माणसांशी बोलली. जून १९९२ मध्ये त्यांचा अहवाल आला, आणि बँकेने ह्या प्रकल्पातून एक पाऊल मागे घ्यावे असा त्यांचा सल्ला होता. ऑक्टोबरात बँकेच्या संचालकांनी बहुमताने काम चालू ठेवण्याचे ठरविले. अमेरिका, जपान, जर्मनी आदी देशांचे मत विरुद्ध पडले. शर्ती घालण्यात आल्या. त्या पाळण्याची मुदत संपण्याच्या सुमारास, मार्च १९९३ च्या अखेरीस, भारत सरकारने उरलेले कर्ज आपणहून सोडून दिले. धरण थांबले नाही, पैसा दुसरीकडून आला. १९९३ सालीच बँकेने तक्रारी ऐकण्यासाठी तपासणी मंडळ स्थापिले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला थेट बँकेपुढे अर्ज करता यावा म्हणून. मणिबेलीचे घर वाचले नाही, पण तिच्या भांडणातून जगातील इतरांकरिता एक दार उघडले.

मोर्स मंडळाच्या अहवालात आपल्या दृष्टीने जो गाभा आहे, तो महाराष्ट्राविषयीचा आहे. ज्या आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसली, त्यांच्या नावे कागद नव्हता. कागद नाही म्हणून सरकारी दप्तरात ते ‘अतिक्रमक’ झाले, आणि मोबदल्याच्या हिशेबात भूमिहीन ठरले. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात खातेदाराला जमिनीच्या बदल्यात जमीन होती; ज्याच्या नावे जमीन नाही त्याला ती नव्हती. गुजरातने १९८७ साली भूमिहीनांना आणि अतिक्रमकांनाही दोन हेक्टर देण्याचे ठरविले, महाराष्ट्राचे धोरण त्या मानाने तोकडे राहिले.

आता आपल्या वस्तीकडे वळून पाहा. महारवाड्यातील, मांगवाड्यातील किती घरांच्या नावे सातबारा आहे? वतनाच्या जमिनी कशा गेल्या हे वडीलधाऱ्यांना विचारा. दुसऱ्याच्या शेतावर राबणारा, नदीकाठची वाळू-माती वाहणारा, गावच्या मेलेल्या ढोरावर एके काळी जगणारा आणि ते काम सोडून स्वाभिमानाने मजुरी करणारा, असा आपला माणूस आहे. गाव उठले म्हणजे पाटलाला जमिनीचा पैसा मिळतो. मजुराची जमीन जात नाही, कारण ती नव्हतीच. त्याचे काम मात्र जाते, आणि कामाचा सातबारा नसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने प्रथमच सामाजिक परिणामांची तपासणी सक्तीची केली आणि तीन वर्षे त्या जमिनीवर राबलेल्या भूमिहीन मजुरालाही ‘बाधित कुटुंब’ म्हटले. कायदा चांगला होता. म्हणूनच की काय, पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांनी दुरुस्त्या करून काही प्रकारच्या प्रकल्पांना त्या तपासणीतून सूट दिली.

हा झाला पहिला खड्डा. दुसरा खड्डा आपल्या धर्मांतराच्या वाटेवर आहे.

असल्या अहवालात लोकसंख्येचे प्रकरण असते आणि ते बहुधा जनगणनेच्या कोष्टकांवरून तयार होते. त्यात अनुसूचित जातींचा रकाना असतो, कारण दुर्बळ घटकांवर काय परिणाम होईल हे सांगावे लागते. १९५६ साली ह्याच नागपुरात लाखो लोकांनी जात टाकली आणि बुद्धाचा धम्म घेतला. जनगणनेत त्यांनी अभिमानाने ‘बौद्ध’ असे लिहविले. महाराष्ट्र राज्याने १९६० साली त्यांच्या सवलती चालू ठेवल्या, पण केंद्राच्या दप्तरात बौद्ध हा अनुसूचित जातीत मोडत नव्हता. ती दुरुस्ती १९९० साली झाली. त्याचा परिणाम अंकांत पाहा. १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते, १९९१ मध्ये ते ११ टक्के झाले. दहा वर्षांत माणसे एवढी वाढली नाहीत, रकाना बदलला. ह्याचा अर्थ असा की १९८१ च्या कोष्टकांवर आधारलेल्या कोणत्याही अहवालात विदर्भातील आपली वस्तीच्या वस्ती दुर्बळ घटकांच्या रकान्यातून अदृश्य होती. तिचे दारिद्र्य तेवढेच होते, वेशीबाहेरचे घर तेथेच होते, फक्त तपासणाऱ्याला ती दिसत नव्हती.

आजही जो ‘बौद्ध’ एवढेच लिहवितो आणि जातीचे नाव सांगत नाही, तो त्या रकान्यात येत नाही. २०११ साली महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध होते, म्हणजे देशातील बौद्धांच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक. त्यांनी काय करावे? जात सोडल्यावर कागदावर ती पुन्हा लिहावी काय? हा प्रश्न कित्येक घरांत बापलेकांत भांडणे लावणारा आहे, आणि २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार असल्यामुळे तो पुन्हा दारात येणार आहे. माझे मत मी लपवीत नाही. धर्म म्हणून बौद्ध लिहावे आणि ज्या अन्यायाने आपणांस तेथे लोटले त्याची नोंद म्हणून पूर्वाश्रमीची जातही लिहावी. जखमेची नोंद केल्याने जखम मान्य होत नाही. परंतु दुसरे मत असणाऱ्यांचा मी अनादर करीत नाही. त्यांच्या स्वाभिमानाची किंमत सरकारी रकान्याने वसूल करावी, ह्यालाच माझा आक्षेप आहे. तपासणी करणाऱ्याने घरोघर जाऊन पाहावे, केवळ कोष्टक उतरवून घेऊ नये, ही मागणी दोन्ही मतांच्या लोकांना एकत्र करता येईल.

शहरातील लोक समजतात की हा धरणाच्या खेड्यांचा प्रश्न आहे. मुंबईचे उदाहरण घ्या. तेथील नागरी वाहतूक प्रकल्पास जागतिक बँकेने २००२ साली कर्ज मंजूर केले. रेल्वेमार्ग आणि रस्ते ह्यांच्या कडेची १ लाख २० हजारांच्या घरातील माणसे हलवावयाची होती, आरंभीच्या गणनेपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी निघाली. २००४ साली काही रहिवासी आणि दुकानदार ह्यांनी बँकेच्या तपासणी मंडळाकडे अर्ज केले. मंडळाने २००५ च्या अखेरीस दोष दाखविणारा अहवाल दिला, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन ह्या भागांचा पैसा काही महिने रोखला. झोपडीत राहणाऱ्याचा अर्ज वॉशिंग्टनला पोहोचला व पैसा थांबला, ही लहान गोष्ट नव्हे.

आणि नागपूर? आपली मेट्रो रेल्वे जर्मनीच्या आणि फ्रान्सच्या विकास बँकांच्या कर्जाने उभी राहिली. २०१६ साली ते करार झाले. आपल्या देशाच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत मेट्रो रेल्वे नाही, म्हणजे त्या अधिसूचनेखालची जनसुनावणीही तिला लागू नाही. पर्यावरण व समाज ह्यांवरील परिणामांचा अहवाल मागतात त्या परक्या बँका. नाग नदीच्या शुद्धीकरणासही जपानच्या जायका संस्थेचे कर्जसाहाय्य ठरले आहे, आणि त्या संस्थेलाही पर्यावरण व समाज ह्यांविषयीचे स्वतःचे नियम आहेत. नदी शुद्ध व्हावी. शहराची घाण कन्हान-वैनगंगेमार्गे गोसीखुर्दच्या जलाशयात जाते, हे लाजिरवाणे आहे. पण नाग नदीच्या काठावर कोणाच्या वस्त्या आहेत हे नागपूरकराला मी सांगावयास नको. त्या वस्त्यांतील किती जणांनी तो नियम वाचला आहे? तो जपानी आणि इंग्रजी भाषेत आहे.

गोसीखुर्दचे नाव निघाले म्हणून एक आडवाटेची गोष्ट सांगतो. १९८८ साली राजीव गांधी ह्यांच्या हस्ते ज्या धरणाचे भूमिपूजन झाले, ते पवनीजवळ आहे. आणि पवनीस १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खाते ह्यांनी केलेल्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडले. आंध्रात नागार्जुनकोंडा येथील महान बौद्ध अवशेष नागार्जुनसागराच्या पाण्याखाली जाणार म्हणून १९५० च्या दशकात घाईने खणून काढावे लागले आणि काही उंच टेकडीवर नेऊन पुन्हा रचावे लागले. आता त्या टेकडीचे बेट झाले आहे. पर्यावरण-तपासणीत झाडे, पाणी आणि हवा ह्यांबरोबर जुनी वास्तूही मोजतात ती ह्याकरिता. दगडाचा स्तूप हलविण्याकरिता जो खटाटोप झाला, त्याच्या निम्मा खटाटोप जर जिवंत भूमिहीनाकरिता झाला असता!

आता कामाचे बोलतो. जनसुनावणीची तरतूद आपल्या कायद्यात १९९७ साली आली आणि २००६ च्या अधिसूचनेने तिची रीत ठरवून दिली. सुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना वृत्तपत्रांत यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्याहून कमी नसलेला त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, चित्रीकरण होते आणि इतिवृत्त तेथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. २०२० साली निघालेल्या नव्या मसुद्यात ही ३० दिवसांची मुदत २० वर आणण्याचे सुचविले होते, आणि तो मसुदा आधी इंग्रजी-हिंदीतच निघाला होता. त्या वर्षीच्या जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत उपलब्ध करावा असा आदेश दिला. मराठीत वाचावयास मिळणे हा उपकार नाही, हे न्यायालयाने मान्य केले.

ह्या रीतीतील एक मोठा दोषही सांगतो: अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराला पैसे प्रकल्पवालाच देतो. ज्याच्या मिठाने भाकरी खावयाची त्याचाच दोष लिहावयाचा, हे अवघड आहे. म्हणून तो अहवाल वाचणारा दुसरा डोळा हवा. नीरी ही पर्यावरण-अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आपल्याच नागपुरात आहे. आपल्या वस्त्यांतून शिकलेले अभियंते, वकील, समाजकार्याचे पदवीधर आता शेकड्यांनी आहेत. दर पौर्णिमेस विहारात जमल्यावर त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी एखादा अहवाल घेऊन बसावे. प्रथम लोकसंख्येचे प्रकरण काढावे आणि आपल्या वस्तीतील घरे मोजून ताळा पाहावा. भूमिहीन मजुरांची यादी आहे काय? बौद्धांची घरे कोणत्या रकान्यात घातली आहेत? नव्या गावठाणाच्या नकाशात बौद्धवाडा पुन्हा कडेला काढला आहे की काय? ह्या तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर हरकत मराठीत लिहावी, दोन प्रती कराव्या, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर पोचेचा शिक्का व तारीख घ्यावी. कर्ज बाहेरच्या बँकेचे असेल तर तिसरी प्रत त्या बँकेच्या तक्रार-मंडळाकडे पाठवावी. आणि सुनावणीच्या दिवशी इतिवृत्त वाचले जात असताना उठून जाऊ नये. मागच्या रांगेतून विचारलेला प्रश्न त्यात लिहिला आहे की नाही हे तेथेच पाहावे, आणि नसेल तर सही होण्यापूर्वी लिहावयास लावावे.